वनस्पती तूप: एका वादाचा इतिहास

मराठीत काही व्यापारी नावे सामान्यनामे होऊन बसली. 'डालडा' हे त्यांपैकी एक. १९३७ साली हिंदुस्थानच्या बाजारात आलेल्या या वनस्पती तुपाचा डबा रिकामा झाल्यावरही घराबाहेर जात नसे. त्यात कधी पीठ राही, कधी तुळस वाढे. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत सणावारी लाडू-करंज्या होऊ शकल्या त्या या डब्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

या पदार्थाचे मूळ युरोपातल्या प्रयोगशाळेत आहे. द्रवरूप तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की ते घट्ट होते. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये या कृतीचे पेटंट घेतले. १९११ मध्ये अमेरिकेत 'क्रिस्को' विक्रीस आले. आपल्याकडे मात्र या घट्ट तेलाला तुपासारखा रवाळपणा देण्यात आला, आणि लोकव्यवहारात 'तूप' हे नावही मिळाले.

वादाला तोंड फुटले ते इथेच. गांधीजींनी १९४० च्या दशकात 'हरिजन'मधून वनस्पतीवर टीका केली. स्वातंत्र्यानंतर ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत बंदीची मागणी लावून धरली. बंदी आली नाही. तिच्याऐवजी दोन उपाय योजले गेले. वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती झाली, कारण तिळाचे तेल रासायनिक चाचणीत लाल रंग देते आणि साजूक तुपातली भेसळ उघडी पडते. शिवाय तुपात असलेले 'अ' जीवनसत्त्व वनस्पतीत वरून घालणे बंधनकारक झाले.

हे दोन्ही उपाय तुपाकडे पाहून ठरवलेले होते. वनस्पती तुपाची बतावणी करते का, आणि तुपातले काय तिच्यात नाही, एवढीच विचारणा या उपायांमागे होती. तुपात जे जवळजवळ नाही असे काय तिच्यात आहे, या प्रश्नाला या दोन उपायांत जागा नव्हती.

असे काही तिच्यात होते. हायड्रोजनची प्रक्रिया अर्धवट थांबवली की काही स्निग्धाम्लांतले दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण त्यांची रचना पालटते. मूळची वाकलेली साखळी सरळ होते. हीच ट्रान्स स्निग्धाम्ले. दूधदुभत्यात ती अल्प असतात. वनस्पतीत मात्र त्यांचा वाटा मोठा होता. १९५७ मध्ये फ्रेड कुमेरो आणि सहकाऱ्यांनी ती माणसाच्या शरीरातील ऊतींत साठत असल्याचे दाखवले. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. त्या काळी संशयाची सुई लोणी-तुपातल्या संपृक्त चरबीकडे वळली होती आणि वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ निर्दोष भासत होते. १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान या नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले की ही आम्ले रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. संपृक्त चरबीकडून यातले पहिलेच घडते. म्हणजे पर्याय मूळ पदार्थाहून वाईट ठरला. २००३ मध्ये डेन्मार्कने मर्यादा घातली. भारतात तेल-तुपांतील ट्रान्स स्निग्धाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू झाली. डालडा येऊन तोवर ८५ वर्षे होत आली होती.

यावरून 'आजीचे साजूक तूपच खरे' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. तुपातली संपृक्त चरबीही घातक कोलेस्टेरॉल वाढवते. तिच्या जागी शेंगदाणा, करडई यांसारखी द्रवरूप तेले घेणे हृदयाला हितकारक, हे आजही खरे आहे. आणि ट्रान्स घटवण्यासाठी ज्या पामतेलाचा आधार घेतला गेला, त्यातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्तच असते. अस्सल आणि नक्कल हा भेद बाजारासाठी आवश्यक आहे; पण रोहिणीत काय साचेल, याचा निर्णय त्यावरून होत नाही. आपल्या वादाने तो भेद चोख सांभाळला, आणि त्या समाधानात दुसरा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पानात वाढला जात राहिला.