कोयनेचा त्वरणलेख : दाब व त्वरण मोजणाऱ्या उपकरणांचा एक प्रादेशिक इतिहास

प्रास्ताविक

कृष्णाकाठच्या सांगली-माधवनगर परिसरात पावसाळ्यात एकच मोजमाप सर्वतोमुखी असते, ते म्हणजे आयर्विन पुलाजवळील पाण्याची पातळी. १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या या पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा व ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. मात्र ज्या कोयना धरणाचे पाणी कराड येथे कृष्णेस मिळून आपल्यापर्यंत येते, त्या धरणाच्या अंतर्भागात कोणती मोजमापे होतात याविषयी सुशिक्षित समाजातही फारशी माहिती आढळत नाही. कोयना प्रकल्पाचा इतिहास आपण वीजनिर्मिती, विस्थापन आणि राजकीय नेतृत्व या अंगांनी लिहिला. तो आवश्यकच होता. परंतु या इतिहासातील एका छोट्या उपकरणाची नोंद आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनाने जवळजवळ घेतलेली नाही. प्रस्तुत लेखात या उपकरणाचा व त्या निमित्ताने दाब आणि त्वरण मोजणाऱ्या संवेदकांच्या घडणीचा विचार करण्याचे योजिले आहे.

उपकरणाची घडण

दाबमापनाची परंपरा आपल्या जिल्ह्यास अपरिचित नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढे पंप, बॉयलर व साखर कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर तबकडीचा दाबमापकही आला. फ्रान्समधील यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी, चपटी नळी आजही या तबकडीमागे असते. आतील दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. कामगाराला ती डोळ्यांनी वाचता येते, हे तिचे बळ होय. परंतु जेथे डोळा पोहोचत नाही, उदाहरणार्थ धरणाच्या काँक्रीटमध्ये किंवा पायाखालच्या खडकात, तेथे दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणे भाग पडते. कॅलिफोर्नियात रॉय कार्लसन यांनी विद्युत्‌रोधावर आधारित मापक तयार केले. युरोपात कंपित तारेचे तत्त्व पुढे आले. यात पातळ पडद्याला ताणलेली तार जोडलेली असते. पाण्याच्या दाबाने पडदा किंचित वाकला की तारेचा ताण बदलतो आणि तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा तिचा स्वर बदलतो. केबलमधून जाते ती त्या स्वराची वारंवारता, त्यामुळे केबल शेकडो मीटर लांब असली तरी वाचन बिघडत नाही.

त्वरणमापकाची कल्पना तितकीच साधी आहे. एका वस्तुमानाला स्प्रिंगने धरून ठेवावे आणि पेटी हलली असता ते किती मागे राहते ते पाहावे. मात्र संकल्पन येथे निर्णायक ठरते. दूरचे भूकंप टिपणाऱ्या संवेदनशील भूकंपमापकाची लेखणी जवळच्या मोठ्या भूकंपात कागदाबाहेर जाते. याउलट स्प्रिंग ताठ ठेवली, तिची स्वाभाविक वारंवारता जमिनीच्या कंपनापेक्षा बरीच अधिक राखली आणि योग्य अवमंदन दिले, तर वस्तुमानाचे विस्थापन थेट त्वरणाच्या प्रमाणात राहते. अशा उपकरणाला आरसा जोडून प्रकाशकिरण फोटोग्राफिक कागदावर टाकला की त्वरणलेख मिळतो. या प्रकारची जगातील पहिली नोंद १० मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच भूकंपात झाली. कागद अहोरात्र फिरवत ठेवणे परवडणारे नसल्याने एक लंबक धक्का ओळखून यंत्र सुरू करीत असे. परिणामी धक्क्याचा आरंभीचा अंश नेहमीच हरवत असे.

कारखान्याच्या दृष्टीने खरी कसोटी तत्त्वाची नसून टिकण्याची आहे. तापमान बदलले तरी शून्य सरकू न देणारा मिश्रधातू, कित्येक वर्षे ओल रोखणारी सीलबंद कुपी, ठिकाणावरून न ढळणारे चिकटवण, या गोष्टी पुस्तकातून शिकता येत नाहीत. काँक्रीटमध्ये गाडलेला संवेदक दुरुस्तीसाठी बाहेर काढता येत नाही. त्वरणमापकाला निदान पृथ्वीनेच एक सोय करून दिली आहे : तो आडवा-उभा फिरवला की गुरुत्वाकर्षणाच्या आधारे त्याचे स्थिर कॅलिब्रेशन विनासायास होते.

१९६७ ची नोंद

कोयना जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या अचल मानले जात होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्याचे स्मरण ताजे होते, त्यामुळे धक्क्यांची चर्चा केवळ वैज्ञानिक राहणे शक्य नव्हते. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने परिसरात भूकंपमापन केंद्रे उभारली. तेथील एस. के. गुहा व त्यांच्या सहकाऱ्यांचा शिवाजीसागर परिसरातील भूकवचाच्या हालचालींवरील अभ्यास १९६६ चा, म्हणजे मोठ्या भूकंपापूर्वीचा आहे. धरणाच्या गॅलरीत एआर-२४० हा अमेरिकन बनावटीचा त्वरणलेखक बसविण्यात आला होता. ज्या प्रदेशात मोठा भूकंप होणार नाही असे बहुतेकांचे मत होते, तेथे असे महागडे परदेशी यंत्र ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांची दूरदृष्टी मला धरणाच्या बांधकामाइतकीच मोलाची वाटते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सुमारे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. १-ए या खंडातील त्वरणलेखकाने धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, नदीप्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट व उभ्या दिशेने ०.३४ पट इतकी कमाल मूल्ये नोंदविली. त्या काळापर्यंत जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक त्वरणांमध्ये त्यांची गणना होते. धरणाच्या संकल्पनात भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५.

या दोन आकड्यांची थेट तुलना अभियंते करीत नाहीत, कारण क्षणिक कमाल त्वरण आणि संकल्पनातील स्थिर गुणांक या भिन्न गोष्टी आहेत. तरीही अंतर दुर्लक्षिण्यासारखे नाही. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या उंच खंडांना, जेथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीवर आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र उभे राहिले. बर्कली येथील अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हाच त्वरणलेख वापरून ताणांचे गणित मांडले आणि भेगा नेमक्या तेथेच का पडल्या हे दाखविले. उपकरण धरणाच्या पोटात असल्याने त्याची नोंद निव्वळ जमिनीची मानावी काय, हा प्रश्न रास्त आहे. असे असूनही काँक्रीट धरणांच्या भूकंपविश्लेषणाची नवी पद्धत तपासावयाची झाल्यास जगभरचे संशोधक आजही कोयनेचा त्वरणलेख घेतात. सातारा जिल्ह्यातील एका गॅलरीत काही सेकंदांत उमटलेल्या या रेघांना असे स्थान मिळाले आहे.

परिणाम येथेही झाले. खंडांना खालच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले. भारतीय मानक १८९३ च्या १९७० च्या सुधारणेत ‘शून्य’ विभाग रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. देशी उपकरणनिर्मितीसही चालना मिळाली. रुरकी विद्यापीठात १९६० मध्ये प्रा. जय कृष्ण यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भूकंप अभियांत्रिकी केंद्राने स्वतःचे त्वरणलेखक विकसित केले, तर लखनौ येथे १९६६ पासून एन्कार्डिओ-राइट या संस्थेने मापनसाधनांचे उत्पादन हाती घेतले. महाराष्ट्रात अशा उद्योगाची मुळे त्या प्रमाणात रुजली नाहीत. ज्या भूमीने जगाला ही नोंद दिली, तेथील कारखानदारीने पंप आणि इंजिने उत्तम घडविली. संवेदक मात्र बाहेरून आणले.

न मोजलेला दाब

त्वरण मोजले गेले, पण भूकंपाचे कारण समजण्यासाठी दुसरी राशी हवी होती. ती म्हणजे खडकाच्या भेगांतील पाण्याचा दाब. हबर्ट व रुबी यांनी १९५९ मध्ये दाखविले होते की, हा दाब वाढला म्हणजे भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना दाबून धरणारा परिणामी ताण घटतो आणि घसरण सुलभ होते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ ते १९६६ या काळात खोल विहिरीत द्रव सोडल्यावर भूकंप झाले. त्यानंतर कोलोरॅडोतील रेंजली येथे तर दाब कमी-अधिक करून भूकंपांची संख्याही कमी-अधिक करता आली. तेथे दाब प्रत्यक्ष मोजलेला होता. कोयनेत जलाशयाची पातळी आणि भूकंप यांचा संबंध हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांनी १९७० च्या दशकात मांडला. तथापि पातळी मोजली जात होती ती पृष्ठभागावर, आणि घसरण होत होती कित्येक किलोमीटर खाली. मधले सारे अनुमान होते.

हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न जवळजवळ ५० वर्षांनी झाला. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे विवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. कोयनेच्या दक्षिणेस गोठणे येथे डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात सुमारे ३ किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर खणण्यात आले. सुमारे १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपून प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. पुढे या विवरात पाण्याच्या दाबाने खडकाला सूक्ष्म भेग पाडून भूकवचातील ताण मोजण्यात आले. यात पंपाचा दाब वाढत जातो, भेग पडताच एकदम उतरतो, आणि पंप बंद केल्यावर जेथे स्थिरावतो त्यावरून आडव्या ताणाचे मूल्य काढतात. म्हणजे सारी भिस्त विवरात सोडलेल्या दाबसंवेदकावर असते. कोयना परिसरातील भूकंपांची केंद्रे साधारणतः १० किलोमीटरच्या आत आढळतात. त्या थराच्या वरच्या भागापर्यंत संवेदक पोहोचला आहे. त्याखालील पाण्याचा दाब गणितानेच काढावा लागतो.