नगररक्षक आणि युद्धकाळची वर्गणी
(बारामती ते पुणें, इ. स. १८०२-०३)

युद्धकाळीं पोलिसांच्या साहाय्यार्थ नृत्यसमारंभ भरवून तिकिटांच्या उत्पन्नांतून निधि उभारण्याची चाल पाश्चात्त्य शहरांत रूढ झाली. अशा समारंभाची योजना आंखतांना दिवाणखाना, वाजंत्री व तिकिटाचा दर यांचा खल पुष्कळ होतो. परंतु तिकीट घेऊन गृहस्थाच्या दाराशीं कोणीं जावें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. खुद्द शिपाईच तें घेऊन आला, तर 'नको' म्हणण्याची सोय राहते काय? आमच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर मिळतें, आणि त्या प्रकरणाचा आरंभ बारामतीस होतो.

ता. ८ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने यानें बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला आणि पुण्याची वाट मोकळी झाली. ता. २५ रोजीं, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसरनजीक शिंदे व पेशवे यांच्या फौजा पराभूत झाल्या. दुसरे बाजीराव पुणें सोडून प्रथम सिंहगडाकडे गेले.

यशवंतरावांनीं आरंभीं शहर लुटूं दिलें नाहीं. रक्षणार्थ पहारे बसविले. पण बाजीराव परत येईनात. ता. ३१ डिसेंबरास त्यांनीं वसईस इंग्रजांशीं तह केला. इकडे मोठी फौज पोसावयाची होती. तेव्हां पुणेकरांवर पट्टी बसली. प्रथम तिला कांहीं धरबंद होता. पुढें सावकार व सुखवस्तु गृहस्थ यांचा पैशासाठीं छळ झाला. या वसुलींत अमृतरावांचेंही अंग होतें. जें हत्यार काल दाराचें रक्षण करीत होतें, तेंच आज दारांत मागणें घेऊन उभें राहिलें. सर्व दोष एकट्या होळकरांच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें नव्हे. १८०१ सालीं त्यांचे बंधु विठोजी यांस बाजीरावांनीं हत्तीच्या पायीं देवविलें होतें. या वैराचें मोल पुण्याच्या रयतेनें दिलें. १८०३-०४ च्या भीषण दुष्काळानें तर भीमा-नीरेमधील इंदापूरसारख्या मुलखाची उरलीसुरली शक्तिही हरली.

याच बारामतीच्या बाबूजी नाईक जोशी यांचें उदाहरण याउलट आहे. थोरल्या बाजीरावांस त्यांचें मोठें कर्ज होतें, आणि प्रत्यक्ष पेशव्यांस तगादा लावण्यास ते कचरले नाहींत. १७४० त बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांच्या पाठबळानें पेशवेपदावर हक्क सांगण्यापर्यंत त्यांची मजल गेली. युद्धास पैसा त्यांनींही दिला. पण त्या पैशाचा जाब विचारण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं होतें. १८०३ च्या पुणेकरांस तें नव्हतें.

सारांश, खंडणी, पट्टी व वर्गणी हे तीन शब्द एकाच वाटेवरील टप्पे आहेत. मागणाऱ्याच्या हातीं दंडा असला म्हणजे एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास वेळ लागत नाहीं. नगररक्षकांचे हाल होऊं नयेत, त्यांच्या कुटुंबांस आधार मिळावा, हें कोणीही मान्य करील. म्हणूनच अशा निधीच्या योजकांनीं तिकिटें रक्षकांहातीं न देतां नागरिकांच्या मंडळाहातीं द्यावीं, जमाखर्च प्रसिद्ध करावा आणि न देणाऱ्यांची यादी ठेवूंच नये. नाकारण्याची मोकळीक असेल, तरच देण्यास दान म्हणतां येतें.