मंडाले ते बेळगाव

2015 च्या आरंभी प्रदर्शित झालेला 'लोकमान्य: एक युगपुरुष' हा ओम राऊत दिग्दर्शित चित्रपट आम्ही नुकताच नातवासमवेत पुन्हा पाहिला. सुबोध भावे यांनी साकारलेले टिळक त्याला फार आवडले. चित्रपट संपल्यावर मात्र त्याने विचारले, "आजोबा, सहा वर्षं ते मंडालेला नेमकं करत काय होते?" प्रश्न साधा, परंतु उत्तर देताना आम्हाला बराच वेळ लागला.

पडद्यावर न्यायालयातील गर्जना शोभते. कोठडीतील दिवसामागून दिवस जाणे दाखविणे कठीण. दोन-अडीच तासांत सारे आयुष्य बसवावयाचे म्हटल्यावर चित्रपटकारांना दोष देता येत नाही. तथापि लोकमान्यांचे खरे मोठेपण आम्हाला त्या न दिसणाऱ्या वर्षांतच जाणवते.

मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांबद्दल 22 जुलै 1908 रोजी न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पुढे शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले आणि साबरमतीहून त्यांना ब्रह्मदेशात नेण्यात आले. वय 52, जडलेला मधुमेह, लाकडी फळ्यांची खोली आणि मंडालेचा असह्य उन्हाळा! अशा स्थितीत त्यांनी पाली, जर्मन व फ्रेंच यांचा अभ्यास केला आणि 1910-11 च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले. 1912 मध्ये पुण्यास सत्यभामाबाई निवर्तल्या. ती वार्ता त्यांना तारेने कळली. जून 1914 मध्ये सुटका झाली, तरी हस्तलिखित काही काळ सरकारकडेच राहिले. आमची हयात सरकारी कचेरीत गेली. ताब्यात गेलेला कागद परत मिळण्यास काय लागते, हे आम्ही जाणतो. अखेर 1915 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथवरची कथा नातवास ठाऊक होती. पुढची मात्र त्याच्या पाठ्यपुस्तकात नव्हती, आणि ती तर आपल्याच गावची आहे. 28 एप्रिल 1916 रोजी प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने बेळगावातच टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर कार्यवाह. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड हे तिचे कार्यक्षेत्र. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे हे टिळकांचे येथील निकटचे सहकारी. परिषदेस गांधीजीही उपस्थित होते. 1907 मध्ये सुरतेस दुभंगलेली काँग्रेस पुन्हा जोडण्याचा निर्णय याच परिषदेत झाला. 1 मे रोजी टिळकांनी स्वराज्यावर येथे केलेले व्याख्यान, तसेच अहमदनगरची व्याख्याने, यांवरून सरकारने त्यांच्याकडून वीस हजार रुपयांचा जामीन मागितला. जिनांनी बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. सहा वर्षांच्या बंदिवासानंतर उघड्या मैदानात उतरण्यासाठी लोकमान्यांनी निवडलेले स्थळ बेळगाव होते, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

येथील मराठी मनाला अलीकडे एक सवय जडली आहे. इतिहास घडला तो पुण्या-मुंबईस, आपण त्याचे प्रेक्षक, असे आपण मानू लागलो आहोत. कन्नड असो वा मराठी, 1916 च्या त्या मंडपात दोन्ही भाषकांचा स्वराज्याचा ध्यास एकच होता, हेही आपण विसरतो. आमच्या नातवाला मंडालेची माहिती चित्रपटाने दिली. बेळगावची मात्र घरच्यांनीच द्यावयास हवी.

बेळगाव-निपाणी परिसरातील अनेक जुन्या घरांत त्या काळची पत्रे, वर्गणीच्या पावत्या, 'केसरी'चे जीर्ण अंक ट्रंकांतून अद्याप पडून असतील. वाळवी लागण्यापूर्वी त्या ट्रंका उघडाव्यात, वाचावे, नोंदवून ठेवावे. आमच्या माळ्यावरची ट्रंक गेल्या रविवारी आम्ही नातवाच्या मदतीने खाली उतरविली आहे.