ग्रंथालयांचे विश्वस्त



ग्रंथालयाचा विषय निघाला कीं आपण ग्रंथांविषयीं बोलतों. फार तर ग्रंथपालाविषयीं. परंतु ज्यांचें नांव कोणत्याही पुस्तकावर छापलेलें नसतें, अशा विश्वस्तांविषयीं व बिनपगारी कार्यकर्त्यांविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. महाराष्ट्रांतील सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास हा बव्हंशीं त्यांचाच इतिहास आहे.

आरंभ मात्र वरिष्ठांच्या आश्रयानें झाला. रत्नागिरीस १८२८ सालीं व नाशकास १८४० सालीं ग्रंथालय निघालें. पुण्यास १८४८ सालीं 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' स्थापन झाली; त्या कार्यांत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा मोठा वांटा होता. हीच संस्था पुढें पुणें नगर वाचन मंदिर या नांवानें प्रसिद्धीस आली. या जुन्या लायब्रऱ्यांच्या पाठीशीं इंग्रज अधिकारी व स्थानिक धनिक असत. आश्रयाचा गुण असा कीं पैसा लवकर उभा राहतो. दोष असा कीं साहेबाची बदली झाली म्हणजे आस्थाही त्याच्याबरोबर निघून जाते.

खरी पालट झाली ती १८९३ सालीं. ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे विनायक लक्ष्मण भावे हे तेव्हां अवघ्या विशींतील होते. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे ते हेच. छापलेलें प्रत्येक मराठी पुस्तक एका छपराखालीं आणावें, हा हेतु. त्याच मार्गानें मुंबईस १८९८ सालीं व पुण्यास १९११ सालीं मराठी ग्रंथालयें उभीं राहिलीं. येथें आश्रयदात्याची जागा सभासदानें घेतली. वर्गणी, घटना, वार्षिक साधारण सभा आणि निवडून दिलेलें कार्यकारी मंडळ, अशी ही रचना. इमारत व ठेवी विश्वस्तांनीं सांभाळावयाच्या. रोजचा कारभार मंडळानें पाहावयाचा. दिवसभर कचेरींत किंवा शाळेंत काम करून सायंकाळीं वर्गणीची पावती फाडणें, फाटकीं पुस्तकें बांधावयास देणें, वर्षाकांठीं कपाट न् कपाट मोजणें, हीं कामें अशाच माणसांनीं केलीं.

सरकारचा पैसा आला म्हणजे अशा माणसांची गरज उरत नाहीं, असें कित्येकांस वाटतें. बडोद्याचा अनुभव निराळा आहे. १९१० सालीं सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेहून बोर्डन यांस बोलावून ग्रंथालयखातें स्थापिलें. तथापि गांवच्या ग्रंथालयाचा नियम असा होता कीं गांवकऱ्यांनीं जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीनें द्यावी व तितकीच सरकारनें. म्हणजे दरबाराच्या तिजोरीची किल्ली गांवाच्या हातीं होती.

मद्रास प्रांतानें १९४८ च्या कायद्यानें ग्रंथालयकर बसविला. महाराष्ट्रानें १९६७ च्या कायद्यांत तो मार्ग धरला नाहीं. लोकांनींच स्थापिलेल्या संस्थांस मान्यता द्यावयाची, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडावयाचे व वर्गाप्रमाणें अनुदान द्यावयाचें, ही आपली पद्धति ठरली. त्यामुळें आजही आपलीं बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालयें सरकारी नसून संस्थांचीं आहेत. सरकार पैसा देतें. परंतु कोणतें पुस्तक घ्यावें, दार किती वाजतां उघडावें, गळणारें छप्पर केव्हां शाकारावें, हें त्या गांवचीं पांच-सात माणसेंच ठरवितात.

येथेंच धोका आहे. तींच माणसें वर्षानुवर्षें बसलीं, साधारण सभेस गणसंख्या भरेना, अर्धा तास तहकूब होऊन तीच सभा उरकली जाऊं लागली, म्हणजे विश्वस्त नकळत मालक होतो. हिशेब नियमाप्रमाणें तपासला जातो; पण ग्रंथ कोणी वाचतो कीं नाहीं, हें कोणीच तपासत नाहीं. उलट, तरुणांनीं पाठ फिरविली म्हणजे प्रामाणिक वृद्धासही किल्ल्या कोणाच्या हातीं द्याव्या हें समजत नाहीं. दोष एकट्या विश्वस्तांचा नव्हे. वर्गणी भरून घरीं बसणाऱ्या सभासदाचाही आहे.

यास्तव माझी विनंती एवढीच. आपल्या ग्रंथालयाच्या वार्षिक सभेची सूचना येईल तेव्हां ती बाजूस टाकूं नका. सभेस जा, अहवाल वाचा, दोन प्रश्न विचारा, आणि आठवड्यांतील एक संध्याकाळ देतां येत असेल तर द्या. विशींतील तरुणानें आरंभिलेलें ग्रंथालय सव्वाशेंहून अधिक वर्षें चाललें, तें अशा संध्याकाळींच्या बळावर.