बालकांमधील वाचाविलंब

समवयस्क मुलांच्या तुलनेत एखादे मूल बरेच उशिरा शब्द व वाक्ये बोलू लागते, तेव्हा त्या अवस्थेला वाचाविलंब म्हणतात. बोलीभाषेत ‘जीभ जड असणे’ असाही शब्दप्रयोग आढळतो. शास्त्रीय दृष्ट्या वाचा म्हणजे ध्वनींचा उच्चार, तर भाषा म्हणजे अर्थ समजणे व व्यक्त करणे. विलंब यांपैकी एकात किंवा दोन्हींत असू शकतो. दोन वर्षे वयाच्या साधारण १० ते १५ टक्के मुलांचे बोलणे अपेक्षेपेक्षा कमी असते आणि त्यांतील अनेक मुले शाळेच्या वयापर्यंत इतरांची बरोबरी गाठतात. कोणत्या मुलाबाबत वाट पाहणे धोक्याचे आहे, हे मात्र केवळ शब्द मोजून ठरत नाही. मुलाला किती समजते, ते हावभाव करते का आणि त्याला नीट ऐकू येते का, यांवर ते अधिक अवलंबून असते.

सामान्य विकासक्रम

सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची आवर्तने सुरू होतात. वर्षाच्या आसपास ‘मंमं’, ‘भूभू’, ‘काऊ’ यांसारखा पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत ‘बाबा आले’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. तिसऱ्या वर्षी परक्या माणसालाही मुलाचे बरेचसे बोलणे कळते. ‘र’ऐवजी ‘ल’ म्हणणे किंवा ‘ळ’ व ‘ण’ न जमणे हा या वयातील बोबडेपणा असून तो विलंब मानला जात नाही.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपले टप्पे सुधारले. किमान ७५ टक्के मुले जे साध्य करतात तोच टप्पा मानावा, असे ठरल्यामुळे सुमारे ५० शब्दांचा टप्पा ३० महिन्यांवर नोंदवला गेला. या बदलावर वाचा-भाषा तज्ज्ञांकडून टीकाही झाली.

चिंतेची लक्षणे

वर्षभराचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा ‘टाटा’सारखा हावभाव करत नसेल, तर तपासणी आवश्यक ठरते. सुमारे दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसणे आणि दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे हीदेखील तशीच लक्षणे होत. गाण्यातील किंवा जाहिरातीतील ओळ जशीच्या तशी म्हणणे ही स्वतःची जोडणी नव्हे. येत असलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे होणे हे कोणत्याही वयात सर्वांत गंभीर मानले जाते. अशा वेळी थांबून पाहणे योग्य नसते. याउलट, दीड वर्षाचे मूल कमी बोलत असले तरी ‘चप्पल आण’ म्हटल्यावर चप्पल आणत असेल व बोट दाखवून आपले लक्ष वेधत असेल, तर ते आशादायक चिन्ह असते.

श्रवण

बोलण्यात विलंब दिसताच पहिली तपासणी कानांची केली जाते. घरी ताट वाजवून केलेली परीक्षा फसवी असते. उच्च कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू न येणारे मूल दार आपटल्यावर दचकते, परंतु ‘स’, ‘श’ यांसारखे व्यंजनध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. वारंवार होणाऱ्या सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचला, तर श्रवण कमी-अधिक होत राहते. ओएई आणि बेरा या चाचण्यांत मुलाने उत्तर देण्याची गरज नसल्याने त्या नवजात बालकावरही करता येतात.

बहुभाषिक घर : मोशीचे उदाहरण

पुणे–नाशिक महामार्गावर, भोसरी व चाकण यांच्या दरम्यान वसलेले मोशी हे मूळचे इंद्रायणीकाठचे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. कारखान्यांतील रोजगारामुळे मराठवाडा, विदर्भ तसेच उत्तर भारतातील कुटुंबे या पट्ट्यात स्थायिक झाली आहेत. घरात एक, शेजारी दुसरी आणि पाळणाघरात तिसरी भाषा कानी पडणे येथे नवलाचे नाही. ‘भाषांच्या गोंधळामुळे मूल बोलत नाही’ हे स्पष्टीकरण अशा ठिकाणी सहज स्वीकारले जाते. संशोधनाचा त्याला आधार नाही. अशा मुलाचे सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजायचे असतात. ‘मांजर’ आणि ‘बिल्ली’ हे दोन्ही त्याचेच शब्द. सर्व भाषा मिळूनही शब्द कमी असतील, तर तो खरा विलंब होय. आई-वडिलांनी स्वतःची भाषा सोडून मोडक्या इंग्रजीत बोलावे, हा सल्लाही निराधार आहे.

समजुती

मुलगे मुलींपेक्षा सरासरी थोडे उशिरा बोलतात हे खरे. तथापि हा फरक अल्प असतो आणि वरील लक्षणांना तो उत्तर ठरत नाही. बाळगुटीतील वेखंडाने वाचा फुटते ही समजूत महाराष्ट्रात जुनी असली, तरी तिला पुरावा नाही. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास काही उच्चार अडू शकतात, मात्र त्यामुळे शब्द समजणे किंवा हावभाव थांबत नाहीत. पडद्यांविषयी (मोबाइल, दूरदर्शन) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांसाठी पूर्ण वर्ज्य आणि दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला कमाल एक तास अशी शिफारस केली. मोबाइल बंद केल्यावर काय होते ते पाहण्यासाठी श्रवणचाचणी लांबवू नये.

तपासणी व सेवा

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत पथके अंगणवाड्यांमधील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. विकासातील विलंब व श्रवणदोष यांचा तीत समावेश आहे. गरज भासल्यास बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या क्षेत्रांत कार्यरत आहे. उपचार सुरू करण्यासाठी निदान निश्चित होण्याची वाट पाहावी लागत नाही. वाचा-भाषा उपचारात बराच भाग पालकांच्या प्रशिक्षणाचा असतो : मूल ज्याकडे पाहते त्याचे नाव घेणे, त्याच्या ‘गाडी’ला ‘लाल गाडी आली’ असे वाढवून उत्तर देणे आणि विचारल्यानंतर उत्तरासाठी काही क्षण थांबणे.