बाळ अंगावर वाहणे आणि खुब्याचा विकास

बाळाला कापडाने, झोळीने किंवा पट्ट्यांच्या तयार साधनाने आपल्या छातीशी, पाठीशी अथवा कुशीला बांधून वावरण्याच्या पद्धतीला बाळ अंगावर वाहणे असे म्हणतात. या पद्धतीत बाळाचे पाय ज्या स्थितीत राहतात तिचा त्याच्या खुब्याच्या सांध्याच्या वाढीशी संबंध असतो. मांड्या वर दुमडलेल्या व दोन्ही बाजूंना फाकलेल्या असणे ही स्थिती सांध्याला अनुकूल मानली जाते. याउलट पाय सरळ ताणून, एकमेकांना जुळवून दीर्घकाळ बांधून ठेवल्यास खुबा निखळण्याचा धोका वाढतो.

शरीररचना

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत बसतो. जन्माच्या वेळी ही खोबण उथळ असते आणि तिचा बराचसा भाग हाडाचा नसून मऊ कूर्चेचा असतो. खोबणीला आकार येतो तो तिच्यात बसलेल्या माथ्यामुळे. माथा मध्यभागी स्थिर राहिला तर खोबण खोल व गोल होत जाते. तो बाहेर सरकत राहिला तर ती उथळच राहते. ही घडण पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते.

गर्भाशयात बाळाचे खुबे व गुडघे दुमडलेले असतात. जन्मानंतरही ही दुमड लगेच जात नाही, हळूहळू सैल होते. त्याआधीच पाय सरळ करून बांधले, तर खुब्याच्या व मांडीच्या स्नायूंवर ताण येतो आणि माथा खोबणीबाहेर ढकलला जातो. फिनलंडमधील मिशेल्सन व लांगेन्शोल्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशांच्या पिल्लांचे गुडघे सरळ स्थितीत जखडून ठेवले असता त्यांचे खुबे निखळल्याचे दिसून आले.

खुब्याचा विकासात्मक दोष

या दोषाला पूर्वी ‘खुब्याचे जन्मजात निखळणे’ असे म्हणत. काही बाळांमध्ये तो जन्मानंतरच्या महिन्यांत उद्भवतो किंवा वाढतो हे लक्षात आल्यावर ‘विकासात्मक’ हा शब्द रूढ झाला. नावातील हा बदल लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे जन्मानंतरची हाताळणीही कारणांच्या विचारात आली. पूर्ण निखळलेला खुबा साधारणपणे हजार जन्मांत एखाद्या बाळात आढळतो. सांधा थोडा सैल असण्याचे प्रमाण याहून बरेच अधिक असते. मात्र असे बहुतेक सांधे पहिल्या काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतात.

मुली, पहिले अपत्य आणि घराण्यात हा दोष असलेली बाळे यांना धोका अधिक असतो. डावा खुबा उजव्यापेक्षा अधिक वेळा बाधित होतो. गर्भात डोके वर व पाय किंवा ढुंगण खाली असणे हे एक मोठे धोक्याचे कारण आहे. पायाळू मुलांविषयी लोकसमजुती पुष्कळ आहेत. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांची खरी गरज म्हणजे खुब्यांची तपासणी.

निरनिराळ्या समाजांतील अनुभव

उत्तर अमेरिकेतील नावाहो लोकांत तान्ह्या बाळाला लाकडी पाळणाफळीवर पाय सरळ ठेवून बांधण्याची रीत होती आणि त्यांच्यात खुबा निखळण्याचे प्रमाण मोठे होते. दोन मांड्यांमध्ये लंगोटाची जाड घडी येऊ लागल्यावर हे प्रमाण घटल्याचे निरीक्षण नोंदले गेले आहे. या समाजात आनुवंशिक कलही असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. तेथे १९७५ च्या सुमारास यामामुरो, इशिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळाचे खुबे व गुडघे सरळ ताणून ठेवू नयेत, लंगोट व कपडे पाय मोकळे हलतील असे असावेत, असा प्रचार सुरू केला. पूर्वी १.१ ते ३.५ टक्के असलेले निखळण्याचे प्रमाण त्यानंतर सुमारे ०.२ टक्क्यांवर आले. या मोहिमेत औषध नव्हते की शस्त्रक्रिया. बदलली ती बाळाला गुंडाळण्याची रीत.

आफ्रिकेच्या अनेक भागांत आई बाळाला पाठीवर, तिच्या कमरेभोवती पाय फाकलेल्या स्थितीत कापडाने बांधते. तेथे हा दोष फारच क्वचित आढळतो. मलावीतील अनुभवावर आधारलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात पाठीवर वाहण्याच्या रीतीशी याचा संबंध जोडला आहे.

योग्य स्थिती

मांड्यांना ढुंगणापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत आधार असावा, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर असावेत आणि मांड्या सहज फाकलेल्या असाव्यात. समोरून पाहिल्यास बाळाची बैठक बेडकासारखी दिसते. अरुंद पट्टीवर बाळ केवळ जांघेच्या आधाराने बसते व पाय खाली लोंबतात. अमेरिकेतील ‘इंटरनॅशनल हिप डिसप्लेशिया इन्स्टिट्यूट’ ही संस्था पहिल्या सहा महिन्यांत बाळाचे तोंड वाहणाऱ्याकडे ठेवण्याचा सल्ला देते.

मांड्या जोराने फाकवणे मात्र घातक आहे. त्यामुळे माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकल्यास श्वासमार्ग दबतो. अशा झोळ्यांतील मृत्यूंमुळे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये, विशेषतः चार महिन्यांखालील बाळांबाबत, इशारा दिला होता.

पुराव्याच्या मर्यादा

पाय सरळ जखडण्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. अंगावर वाहिल्याने दोष टळतो, या विधानाचा पुरावा तितका भक्कम नाही. तो मुख्यतः समाजासमाजांतील तुलनेवर उभा आहे आणि अशा तुलनेत आनुवंशिकता व निदानाच्या सोयी यांचा प्रभाव वेगळा काढता येत नाही. अरुंद साधनात थोडा वेळ वाहिल्याने निरोगी खुब्यात दोष निर्माण होतो, हेही सिद्ध झालेले नाही. ‘खुब्यासाठी उत्तम’ अशी जाहिरात करणारी महागडी साधने या दृष्टीने पाहावीत. साध्या लुगड्यानेही तीच बैठक साधते.

वाहणे हा उपचारही नव्हे. निदानासाठी इटलीच्या मारिनो ओर्तोलानी यांनी १९३७ मध्ये व इंग्लंडच्या बार्लो यांनी १९६२ मध्ये वर्णिलेल्या हाताने करावयाच्या चाचण्या आजही वापरल्या जातात; शंका असल्यास सोनोग्राफी करतात. सहा महिन्यांखालील बाळांना चेक शल्यचिकित्सक अर्नोल्ड पाव्लिक यांच्या नावाचा पट्टा बांधतात. तो खुबे दुमडलेले व फाकलेले ठेवतो, तरी बाळाला पाय झाडता येतात. निदान चालू लागल्यानंतर झाले तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि दोष तसाच राहिल्यास लंगडणे व तरुणपणीच सांध्याची झीज होणे संभवते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मूल कडेवर घेण्याच्या रीतीत त्याचे पाय मोठ्या माणसाच्या कमरेभोवती फाकलेले असतात; ही बैठक खुब्याला अनुकूलच आहे. परंतु मान सावरण्याआधी मूल सहसा कडेवर घेत नाहीत आणि खुब्याच्या दृष्टीने नाजूक असलेला तोच काळ ते दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या अवस्थेत घालवते. बाळाला गुंडाळण्यास हरकत नसते. दुपटे छातीभोवती घट्ट असले तरी कमरेखाली सैल हवे, इतकेच. तेल लावताना पाय ओढून सरळ करण्याची सवयही टाळण्याजोगी आहे.

२०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या जन्मदोषांच्या यादीत खुब्याच्या विकासात्मक दोषाचा समावेश आहे.