सराफू : केनियातील गरीब वस्त्यांनी घडविलेले चलन

१/ मराठीतील ‘सराफ’ हा शब्द मूळचा अरबी. हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावर, स्वाहिली भाषेत, त्याच कुळातील ‘सराफू’ या शब्दाचा अर्थ होतो नाणे. केनियातील गरीब वस्त्यांत रुजलेल्या एका डिजिटल चलनाचे नावही हेच आहे. त्याची कथा मात्र संगणकापासून नव्हे, कागदापासून सुरू होते.

२/ केनियाच्या मोम्बासा शहरात ‘बांगलादेश’ नावाची दाट वस्ती आहे. तेथे मालाची किंवा कौशल्याची वानवा नव्हती, वानवा होती रोकडीची. शिंप्याला भाजी हवी असे आणि भाजीवालीला कपडे शिवून हवे असत. पण शहरातली मजुरी थांबली की दोघांचेही हात रिकामे होत आणि व्यवहार ठप्प पडे.

३/ मे २०१३ मध्ये अमेरिकी कार्यकर्ते विल रडिक यांच्या पुढाकाराने येथे ‘बांगला-पेसा’ ही कागदी कुपने सुरू झाली. सभासद दुकानदार परस्परांना हमी देत आणि मालाच्या मोबदल्यात कुपने स्वीकारत. ही वस्तुतः वस्तीने आपल्याच माणसांना दिलेली उधारी होती.

४/ सरकारला मात्र त्यात निराळेच काही दिसले. त्याच महिन्यात रडिक व इतर पाच जणांना अटक झाली आणि बनावट चलनासंबंधी आरोप ठेवण्यात आले. पुढे ते आरोप मागे घेतले गेले व कुपने पुन्हा फिरू लागली.

५/ असा संघर्ष इतिहासाला नवा नव्हता. महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, ऑस्ट्रियातील व्योर्गल या गावाने स्वतःच्या नोटा काढून बेकारांना काम दिले होते. पुढच्याच वर्षी मध्यवर्ती बँकेच्या विरोधामुळे तो प्रयोग बंद पडला.

६/ केनियातील प्रयोग टिकला. कागद छापणे आणि त्याचा हिशेब ठेवणे जड जाऊ लागल्यावर, २०१८ पासून ही कुपने ब्लॉकचेनवर नेण्यात आली. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही सराफू पाठविता येऊ लागला.

७/ २०२० मध्ये कोविडच्या निर्बंधांनी रोजगार हिरावला, तेव्हा नैरोबीतील मुकुरू आणि क्वाले परगण्यातील किनांगो येथे त्याचा वापर वाढला. २०२१च्या मध्यापर्यंत सुमारे ४०,००० खातेदारांनी व्यवहार केले होते. आपल्याकडील बचत गटांसारखे ‘चामा’ हे गट त्यांत महत्त्वाचे ठरले.

८/ या चलनाला मर्यादा होतीच. वस्तीबाहेरचे औषध किंवा इंधन घेण्यास शिलिंगच लागत असे. त्यामुळे सराफूने दारिद्र्य संपविले असे म्हणता येत नाही; पण रोकड आटली म्हणून शेजाऱ्यांमधला व्यवहार थांबू नये, एवढे त्याने साधले. बिटकॉइनचे मोल जगभरच्या सट्टेबाजांच्या आशेवर चढते-उतरते. सराफूमागे उभी होती ती शेजारणीची भाजी आणि शेजाऱ्याचे श्रम. ब्लॉकचेनने त्या पतीची केवळ नोंद ठेवली.